मोटारचालकांच्या खासगी सवयी व काही अप्रिय मते

घरात मनुष्य आप्तांच्या देखत वागतो, कचेरीत वरिष्ठांच्या देखत वागतो आणि बाजारात चारचौघांच्या देखत वागतो. मोटारीत मात्र तो आपणांस कोणीच पाहत नाही अशा समजुतीने वागत असतो. वास्तविक त्याच्या चारही बाजूंस काचाच असतात व रस्त्याने जाणारा प्रत्येक मनुष्य त्याजकडे पाहू शकतो. परंतु एकदा दार लावून घेतले की ती लहानशी जागा त्याला स्वतःच्या माजघरासारखी वाटू लागते. ह्या चाकांवरच्या माजघरात ज्या सवयी जडतात व जी मते बनतात, त्यांविषयी सहसा कोणी बोलत नाही. त्यांचाच थोडासा विचार प्रस्तुत लेखात करण्याचा आमचा हेतू आहे.

आमचे बहुतेक वाचक विद्यार्थी आहेत आणि त्यांचे वय अद्याप वाहन चालविण्याचे नाही. मग हा विषय त्यांच्यापुढे कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, मोटार चालविण्याचे शिक्षण परवाना मिळाल्यावर सुरू होत नसून ते मागील आसनावर बसल्या बसल्याच सुरू होते. वडील लाल दिव्याशी थांबतात की नाही, आई फोन वाजल्यावर काय करते, काका घाट कसा उतरतात, हे सर्व मूल दहा वर्षे मुकाट्याने पाहत असते. पुढे शिकविणारा शिक्षक येतो तेव्हा त्यास कोरी पाटी मिळत नाही. तिच्यावर बरेच काही आधीच लिहिलेले असते. म्हणून हा लेख जितका मुलांसाठी तितकाच पालकांसाठीही आहे.

प्रथम निरुपद्रवी सवयी घेऊ. कोणी गाडीशी गुजगोष्टी करतो. चढ संपत आला की तिला शाबासकी देतो आणि थंडीच्या सकाळी ती लवकर सुरू न झाली तर तिची मनधरणी करतो. कोणी तिला घरच्या माणसासारखे नाव ठेवतो. कोणी समोरच्या काचेपाशी गणपतीची मूर्ती ठेवतो, कोणी आरशास क्रूसमाळ अडकवितो, कोणी पुढे लिंबू-मिरची बांधतो. आणि दसऱ्यास झेंडूची माळ घातल्याशिवाय गाडी बाहेर न काढणारी कुटुंबे तर आपल्याकडे घरोघर आहेत. अनोळखी गावी पत्ता शोधू लागताच गाण्याचा आवाज कमी करणारे लोकही पुष्कळ असतात. कानांचा व डोळ्यांचा काय संबंध, असे वाटून मागे बसलेली मुले हसतात. परंतु चित्त एकाग्र करावयाचे असता एका इंद्रियाचे ओझे हलके करणे ह्यात शहाणपणच आहे. असल्या सवयींनी कोणाचे काही बिघडत नाही, उलट प्रवासाची गोडी वाढते. त्यांच्याविरुद्ध आम्हांस काहीच म्हणावयाचे नाही.

दुसऱ्या वर्गात ज्या सवयींनी गाडी झिजते अशा सवयी येतात. ह्यांतील सर्वसाधारण सवय म्हणजे क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणे. क्लच हा इंजिन व चाके ह्यांस जोडणारा आणि जरूर तेव्हा तोडणारा दुवा आहे. त्याच्या तबकड्या परस्परांस घट्ट चिकटून राहिल्या म्हणजेच इंजिनाची सारी शक्ती चाकांस पोहोचते. पायाचे थोडेसे वजन जरी सतत त्यावर पडत राहिले, तरी ही पकड ढिली होते, तबकड्या एकमेकींवर घासून तापू लागतात, आणि जी क्लचप्लेट पुष्कळ वर्षे टिकावयाची ती थोडक्यात निकामी होते. चढावर गर्दीत थांबले असता हाताचा ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरणे हाही त्याच जातीचा प्रकार. पुष्कळांस हे मोठे कौशल्य वाटते. कौशल्य आहे खरे. परंतु त्याचे मोल कारागिराच्या बिलात द्यावे लागते.

ह्याहून गंभीर सवय म्हणजे उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे. पेट्रोल वाचते ह्या समजुतीने हे केले जाते, व ही समजूत बापाकडून मुलाकडे वारशाने येते. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांच्या काळी तिला थोडाफार आधार होता. परंतु आजच्या गाड्यांत इंधनाचा पुरवठा संगणकाच्या हुकमतीखाली असतो. ॲक्सिलरेटरवरील पाय उचलून गाडी गियरमध्येच उतारास लागू दिली, तर चाकेच इंजिनास फिरवीत राहतात, आणि हे ओळखून संगणक इंधन बहुधा अजिबात बंद करतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनास स्वतःच्या बळावर फिरत राहावे लागते, सबब त्यास थोडेथोडे पेट्रोल पाजणे भागच पडते. म्हणजे जी युक्ती काटकसरीसाठी योजली तीच खर्चाची ठरते.

खर्चाची गोष्ट सोडली तरी धोक्याची गोष्ट सोडता येत नाही. आपल्या बोरघाटाचेच उदाहरण घेऊ. लोणावळ्याहून खोपोलीस उतरताना गाडी सुमारे ५०० मीटर खाली येते. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी येथे पेन्सिल हाती घ्यावी. १,००० किलोग्रॅम वजनाची मोटार ५०० मीटर खाली आली म्हणजे सुमारे ४९ लाख जूल एवढी ऊर्जा मोकळी होते. एवढ्या उष्णतेने १५ लीटर पाण्यास उकळी आणता येईल. ह्यांतील काही भाग हवा व टायर घेतात. उरलेला कोठे तरी गेलाच पाहिजे. गाडी खालच्या गियरमध्ये असेल तर इंजिनच त्यातील बराच वाटा सोसते. न्यूट्रलमध्ये असेल तर तो सर्व भार चार लहान ब्रेकांवर पडतो. ते तापत तापत इतके तापतात की त्यांची पकड सुटते, ब्रेकमधील तेल उकळते, आणि पाय दाबला तर तो नुसताच खाली जातो. त्यातच कोणी इंजिन बंद केले असेल तर ब्रेकला यंत्राचे मिळणारे साहाय्य दोन-चार वेळा दाबल्यावर संपते व स्टिअरिंगही जड होते.

मोटारीच्या ठिकाणी भरलेला ट्रक कल्पिला म्हणजे ह्या गणिताचे भयंकर स्वरूप ध्यानी येते. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून पुण्याच्या नवले पुलाकडे येणारा उतार ह्याच कारणाने कुप्रसिद्ध झाला आहे. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री ताबा सुटलेल्या एका जड वाहनामुळे तेथे चाळीसहून अधिक गाड्यांचा चुराडा झाला. ज्या गियरमध्ये घाट चढावा त्याच गियरमध्ये तो उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही तितकाच खरा आहे. विजेवर चालणाऱ्या नव्या मोटारींत तर उतारावर मोटर जनित्राचे काम करते व काही वीज बॅटरीत परत साठविते. म्हणजे निसर्गाने दिलेली ऊर्जा उधळण्याऐवजी पदरात पडते.

तिसऱ्या वर्गात ज्यांचा उपद्रव दुसऱ्यास होतो त्या सवयी येतात. रात्री समोरून वाहन येत असता दिवे खाली न करणे ही त्यांत पहिली. प्रखर प्रकाशाने दिपलेला डोळा पूर्ववत होण्यास काही सेकंद लागतात. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदास सुमारे २२ मीटर पुढे सरकते. तेव्हा तीन सेकंदांचे आंधळेपण म्हणजे ६६ मीटर रस्ता डोळे मिटून काटणे होय. 'समोरचा दिवे खाली करीत नाही, मग मी का करू?' असे पुष्कळजण म्हणतात. परंतु एका रस्त्यावर एक आंधळा चालक असण्यापेक्षा दोन असणे बरे, असे म्हणण्याइतका अविचार दुसरा नाही. घाटातील धुक्यात किंवा मुसळधार पावसात चारही इंडिकेटर लावून गाडी चालती ठेवणे हीही अशीच एक सवय. ते दिवे बंद पडलेल्या गाडीची खूण म्हणून योजलेले आहेत. चालत्या गाडीने ते लावले म्हणजे मागच्यास ती उभी आहे की चालली आहे हे कळत नाही, आणि ती वळणार असली तरी त्याची सूचना देण्यास दिवाच उरत नाही.

हॉर्नविषयी काय सांगावे! हॉर्न हा सावधगिरीचा इशारा आहे. आपल्याकडे तो अधीरपणाचा उद्गार झाला आहे. दिवा हिरवा होण्यापूर्वीच मागून गजर सुरू होतो. जणू काय दिव्यास कान असून तो आवाज ऐकून लवकर रंग बदलतो. मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी ह्याच समजुतीची मोठी गमतीदार परीक्षा घेतली. काही चौकांत आवाज मोजणारी यंत्रे दिव्यांस जोडली, व आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचा वेळ पुन्हा पहिल्यापासून मोजला जाईल अशी योजना केली. दिव्यास खरोखरच कान फुटले. फक्त त्याचे उत्तर उलट आले. ट्रकांच्या पाठीवर हॉर्न वाजविण्याचे जे आमंत्रण रंगविलेले असे, त्यासही महाराष्ट्रात २०१५ साली मनाई करण्यात आली.

पुढच्या गाडीस चिकटून चालणे ही ह्या वर्गातील शेवटची व सर्वांत घातक सवय. 'अंतर सोडले की मध्ये दुसरा घुसतो,' ही तिची नेहमीची सबब. घुसला तर घुसू द्यावा. पुन्हा थोडे मागे राहावे. ह्यात फार तर दोन-चार सेकंद जातात. योग्य अंतर मोजण्याची एक सोपी रीत आहे. पुढची गाडी रस्त्याकडेच्या एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश 'एक हजार एक, एक हजार दोन' असे म्हणावे. हे शब्द संपण्यापूर्वी आपण त्या खांबाशी पोहोचलो तर अंतर कमी आहे असे समजावे. रस्ता ओला असेल तर हेच मोजमाप दुप्पट करावे. मागे बसलेल्या मुलांनाही हा खेळ खेळता येईल, आणि वडिलांस उत्तर न विचारताच ते कळेल.

येथवर सवयी झाल्या. आता मतांकडे वळू. ज्या मताचे कोणास खंडन करता येत नाही, परंतु जे ऐकावयास कोणास आवडत नाही, त्यास आम्ही अप्रिय मत म्हणतो. असली मते बोलून दाखविणारा मनुष्य मित्रमंडळींत भित्रा किंवा रटाळ ठरतो. तथापि ती गणिताने तपासून पाहावीत, एवढीच आमची विनंती आहे.

पहिले अप्रिय मत असे की, भरधाव हाकल्याने फारसा वेळ वाचत नाही. ९० किलोमीटरचा मार्ग ताशी ९० च्या वेगाने ६० मिनिटांत संपतो. ताशी १०० च्या वेगाने ५४ मिनिटांत. म्हणजे साऱ्या मार्गभर वेग एकदाही कमी न करता वाचली किती, तर सहा मिनिटे. आणि तीही गावच्या वेशीवरील पहिल्या खोळंब्यात खर्ची पडतात. आता दुसरी बाजू पाहा. कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकांनी गाडी थांबविण्यास ताशी ९० च्या वेगात सुमारे ४५ मीटर लागतात, तर ताशी १०० च्या वेगात सुमारे ५५ मीटर. शिवाय धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत जो एक सेकंद जातो, त्यातले अंतर निराळेच. वेळेची बचत वेगाच्या प्रमाणातही होत नाही, आणि थांबण्याचे अंतर मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ज्या व्यापारात नफा पैशांनी व तोटा रुपयांनी मोजावा लागतो, तो कोणता शहाणा मनुष्य करील?

हे अधिक स्पष्ट व्हावे म्हणून आणखी एक उदाहरण देतो. दोन मोटारी शेजारी शेजारी चालल्या आहेत. एकीचा वेग ताशी ५० किलोमीटर, दुसरीचा ६०. एकाएकी समोर चेंडूमागे धावत एक मूल येते. दोघेही चालक सारखेच सावध, दोघांसही ब्रेक लावण्यास एकच सेकंद लागतो, दोघांचे ब्रेकही सारखेच चांगले. पहिली गाडी सुमारे २८ मीटरांवर, समजा मुलाच्या अगदी पावलाशी, थांबते. दुसरी त्या जागी येते तेव्हा तिचा वेग किती उरलेला असेल? ताशी दहा, असे बहुतेकजण सांगतील. गणित सांगते, सुमारे ताशी ४०. कारण एका सेकंदाच्या विलंबातच ती जवळजवळ १७ मीटर निघून गेलेली असते, व ब्रेकांस काम करण्यास जेमतेम ११ मीटर उरतात. ज्या दहा किलोमीटरांस आपण क्षुल्लक समजतो, ते एका घरी हसे व दुसऱ्या घरी आकांत घडवून आणतात. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली, म्हणजे दर तासास सुमारे १९. आणि शंभरांतील सत्तरांहून अधिक मृत्यू सरकारी अहवालात अतिवेगाखाली नोंदलेले आहेत.

दुसरे अप्रिय मत मागील आसनाच्या पट्ट्याविषयी आहे. पुढे बसणारा पोलिसांच्या धाकाने का होईना पट्टा बांधतो. मागे बसणारा मात्र पट्टा आसनाच्या फटीत खोचून ठेवतो. पुढच्या आसनाची पाठ आपणांस सावरील अशी त्याची श्रद्धा असते. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली, तर आतील मनुष्य त्याच वेगाने पुढे फेकला जातो. सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडणारा मनुष्य ज्या वेगाने जमिनीवर आदळेल तोच हा वेग होय. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री निधन पावले. त्या गाडीत पुढे बसलेले दोघे जखमी झाले परंतु वाचले. मागे बसलेले दोघे दगावले, आणि त्यांनी पट्टे बांधले नव्हते असे पोलिसांनी सांगितले. मोटार उत्तम होती, रस्ता राजमार्ग होता. उणीव एका फितीची होती. खांद्यावरून व कमरेवरून जाणारा हा पट्टा स्वीडनमधील व्होल्वो कारखान्याचे इंजिनियर निल्स बोहलिन ह्यांनी १९५९ साली सिद्ध केला. आणि कारखान्याने त्याचे पेटंट स्वतःपुरते न राखता इतर कारखानदारांसही त्याचा उपयोग करू दिला. इतक्या उदारपणे दिलेली देणगी आपण फटीत खोचून ठेवतो!

तान्ह्या मुलास मांडीवर घेऊन बसणाऱ्या मातांस आम्ही येथे विशेष विनंती करतो. आईच्या मिठीएवढे सुरक्षित स्थान जगात नाही, ही भावना पवित्र आहे; परंतु यंत्राच्या वेगास ती ठाऊक नाही. १० किलो वजनाचे मूल ताशी ५० च्या वेगातून एक दशांश सेकंदात थांबवावयाचे झाल्यास हातांवर सुमारे १४० किलोंचा भार येतो. कोणत्याही आईच्या, किंबहुना कोणत्याही पहिलवानाच्या हातांस तो पेलणारा नव्हे. आपल्या कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास पट्ट्याने किंवा त्याच्या मापाच्या खास आसनाने बांधलेच पाहिजे असे सांगितले असून, न बांधल्यास १,००० रुपये दंड ठेवला आहे. दंडाची रक्कम फार नाही. परंतु तिच्यामागील हेतू मोठा आहे.

तिसरे मत फोनासंबंधी. फोन हाती धरून मोटार चालवू नये हे आता सर्वांस तोंडाने तरी मान्य आहे. परंतु हात मोकळे ठेवून, कानात यंत्र घालून बोलण्यास हरकत नाही अशी समजूत रूढ आहे. टोरांटो येथील रेडेलमायर व तिबशिरानी ह्या संशोधकांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फोनवर बोलत असता अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो असे आढळले. आणि हात मोकळे ठेवणाऱ्या यंत्राने काही विशेष फायदा झाल्याचे दिसले नाही. ह्याचे कारण उघड आहे. गाडी केवळ हातांनी चालत नाही, ती चित्ताने चालते. शेजारी बसलेला मनुष्य समोर बैलगाडी आडवी आलेली पाहून आपण होऊन बोलणे थांबवितो. दूर बसून बोलणारास ती दिसत नाही, म्हणून तो बोलतच राहतो. तेव्हा वडील गाडी चालवीत आहेत हे ठाऊक असता मुलांनी व घरच्या मंडळींनी त्यांस फोन करू नये, हाच सर्वांत सोपा उपाय.

चौथे मत सर्वांत अप्रिय आहे, कारण ते प्रत्येकाच्या अभिमानास झोंबते. आपण सामान्य चालकांपेक्षा चांगले चालक आहो असे जवळजवळ प्रत्येकास वाटते. ओला स्वेन्सन ह्या मानसशास्त्रज्ञाने १९८१ साली विद्यार्थ्यांच्या दोन गटांस हाच प्रश्न विचारला होता. अमेरिकन विद्यार्थ्यांपैकी शंभरांतील ९३ जणांनी व स्वीडिश विद्यार्थ्यांपैकी ६९ जणांनी आपले कौशल्य मधल्या पातळीहून वरचे असल्याचे सांगितले. वर्गातील शंभरांपैकी त्र्याण्णव मुले वरच्या निम्म्या भागात कशी बसावयाची, हे आमच्या गणिताच्या विद्यार्थ्यांनीच सांगावे. आमच्या मते इतर सर्व वाईट सवयींचे मूळ ह्या एका समजुतीत आहे. 'नियम नवशिक्यांसाठी आहेत, मला अंदाज आहे,' असे मनात म्हणूनच मनुष्य उतारावर न्यूट्रल करतो, अंतर सोडीत नाही व फोनवर बोलतो. त्याचा अंदाज नव्याण्णव वेळा खराही ठरतो. परंतु त्या नव्याण्णव वेळांनी त्याचे कौशल्य सिद्ध होत नाही. त्याची सवय मात्र पक्की होते. संकटाच्या एका सेकंदात विचारास अवकाश नसतो. तेथे जी सवय हाडीमाशी खिळली असेल तीच कामास येते, अगर घात करते.

आता पालकांस न रुचणारे पाचवे मत सांगून टाकतो. अठरा वर्षांखालील मुलाच्या हाती वाहन देणे हे लाड नव्हेत. शिकवणीची वेळ गाठावयाची आहे, रिक्षा मिळत नाही, मुलगा उंच आहे, गल्लीतल्या गल्लीतच जावयाचे आहे, अशा सबबी आम्ही नित्य ऐकतो. कायद्याने सोळा वर्षांच्या मुलास फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो. आणि घरोघर उभ्या असलेल्या स्कूटरांची इंजिने त्याहून कितीतरी मोठी असतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या १९९अ ह्या कलमाप्रमाणे अज्ञान मुलाने गुन्हा केल्यास पालक अगर वाहनाचा मालकच दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. त्या वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते, आणि त्या मुलास वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. परंतु कायद्याची भीती दाखवून आम्हांस हे सांगावयाचे नाही. किल्ली देताना आपण मुलावर विश्वास टाकतो असे पालकांस वाटते. वास्तविक जे ओझे उचलण्याची शक्ती अजून आली नाही ते आपण त्याच्या खांद्यावर ठेवीत असतो. त्याच्या हातून दुसऱ्याचे मूल दगावले, तर ते ओझे त्यास जन्मभर वाहावे लागेल, आणि त्या वेळी किल्ली परत घेऊन चालणार नाही.

दोष पुष्कळ सांगितले. गुण सांगितल्यावाचून लेख पुरा करणे न्याय्य होणार नाही. कोणी पाहत नसताही चांगले वागणारे चालक आपल्यात आहेत, व त्यांच्या सवयीही खासगीच असतात. गाडी काढण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारून टायर, दिवे व विशेषतः मागे एखादे लहान मूल तर खेळत नाही ना, हे पाहणे ही त्यांपैकी पहिली. उजव्या बाजूचे दार डाव्या हाताने उघडणे ही दुसरी. तसे करताना सारे अंग आपोआप मागे वळते आणि मागून येणारा सायकलवाला दृष्टीस पडतो. रुग्णवाहिकेस वाट देणे, चिखलातून जाताना पायी चालणारांवर पाणी उडू नये म्हणून वेग कमी करणे, पांढऱ्या पट्ट्यांवर उभ्या असलेल्या वृद्धास हाताने 'जा' म्हणून खुणावणे, डोळे जड होऊ लागताच गाडी सुरक्षित जागी उभी करून थोडी झोप घेणे, ह्यांपैकी कशासाठीही कोणी शाबासकी देत नाही. तरीही काही माणसे हे रोज करतात. रस्ते जेवढे सुरक्षित आहेत तेवढे अशा माणसांमुळेच आहेत.

विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस आज परवाना नाही, परंतु अधिकार मात्र आहे. पुढच्या वेळी मोटारीत बसाल तेव्हा प्रथम आपला पट्टा बांधा, आणि आजीलाही तिचा पट्टा बांधून द्या. बाबांनी वेग वाढविला तर नम्रपणे ५० आणि ६० किलोमीटरांचे गणित त्यांस विचारा. रागावले तर रागावू द्या. गणित रागावत नाही. आणि पालकहो, मागून आलेला हा प्रश्न उद्धटपणा समजू नका. आरशात दिसणारे ते दोन डोळे आज तुमच्याकडून मोटार चालविण्यास शिकत आहेत. आणि काही वर्षांनी ते पुढच्या आसनावर बसतील, तेव्हा तुम्ही जे त्यांना सांगितले ते न करता, जे त्यांच्यादेखत केले तेच ते करतील.